संमतीवरची अकरा पानं

जवळा बाजार मागं पडून तासभर झाला होता, तरी साधनाबाई अजून संमतीवरच होत्या. श्रावणी सोमवार, आमी दोघी पायी औंढ्याला नागनाथाकडं निघालो होतो. माझ्या हातात बेलाची पिशवी, त्यांच्या हातात त्यांच्या पुस्तकातल्या संमतीच्या प्रकरणाची अकरा पानं. चालता चालता त्या मोठ्यानं वाचत होत्या, “राज्याची सत्ता लोकांच्या संमतीवर उभी असते.”

“व्हय,” मी म्हणलं.

“इतक्या लवकर?” त्यांनी त्या ओळीखाली लाल रेघ मारली.

ही त्यांची कामाची पद्धतच. साधनाबाई मूळच्या औंढ्याच्या, वडील देवस्थानात कारकून. एकतीस वर्षं त्यांनी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. पोरांना गाईड पाहिजे असायचं, आणि बाई वर्गात विचारायच्या, “तुमच्या घरी आज कोणती भाजी, हे कोण ठरवतं?” माझी सृष्टी त्यांच्या हाताखाली शिकली, त्यातून आमची ओळख. लोकशाहीवरचे त्यांचे लेख मासिकांत येतात, मोठमोठे प्राध्यापक त्यांना पत्रं लिहितात. पण छापायच्या आधी प्रत्येक पान त्या राज्यशास्त्र न शिकलेल्या माणसाला वाचून दाखवतात. ऐकणारा अडला, भांडला, तर पान पास. पटकन ‘व्हय’ म्हणला तर समजायचं, डोक्यात काही शिरलं न्हाई. रिटायर झाल्यापासून आठ वर्षं एकच पुस्तक चाललंय, आणि ऐकणारी मी, दहावी पास शिलाईवाली. बुधवारी ते पुस्तक छापखान्यात जाणार होतं.

“सांग बरं द्वारके, संमती म्हणजे काय?”

“संमती म्हणजे सही. भावसिंग घेऊन जातो ती.”

“कोण भावसिंग?”

“आमच्या ग्रामपंचायतीचा शिपाई. महिला सभेचं रजिस्टर घेऊन दारात येतो. मी विचारते, सभा कधीय रे? तो म्हणतो, काकू, चालू हाय की, तुमी सही केली की संपली.”

मी हसले. बाई हसल्या नाहीत. रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. मागून ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवून राहिला होता. मी त्यांना दंडाला धरून कडेला ओढलं.

“कधीपासून?”

“बारा-तेरा वर्षं झाली असतील. सगळ्याच बायका करतात. भाकरी तव्यावर असते, कोण वाचत बसतं? मागच्या पानावर तर माझं पिठाचं बोट उमटलंय.”

“आणि सहीच्या वर काय लिहिलेलं असतं?”

“काहीच न्हाई. ते मागून लिहितात.”

बाई तिथंच पुलाच्या कठड्यावर बसल्या आणि त्या अकरा पानांवर एकेक आडवी रेघ ओढत सुटल्या. आठ वर्षांचं काम, आणि माझ्या तोंडाच्या वाफेनं गेलं की काय!

“अगं, कुठली कुठली जाडी पुस्तकं वाचून लिहिलं मी हे,” त्या म्हणाल्या, “आणि कोऱ्या कागदाखाली सही, हे मला कुणीच सांगितलं नाही!” चेहरा मात्र पहिला नंबर आलेल्या पोरीसारखा. मग एकदम माझ्यावरच घसरल्या, “पण तू काहून करतेस सही?”

मला राग आला. “बाई, सरपंच उत्तमराव माझे सख्खे दीर. त्यांचं रजिस्टर सही न करता परत पाठवलं तर घरात दोन दिवस कुणी माझ्याशी बोलणार न्हाई. आणि तुमी? कॉलेजच्या मिटिंगच्या वहीवर तुमी कधीच सही केली न्हाई?”

लांबून एका दिंडीतल्या टाळांचा आवाज येत होता.

“केली गं,” त्या हळूच म्हणाल्या. “एकतीस वर्षं. शिपाई स्टाफरूममध्ये वही आणायचा, आणि मी चहा पिता पिता करायची.” आणि अशा हसल्या की काखेतली छत्री पुलाखालच्या पाण्यात पडली. “तिथूनच सुरू करते. आधी माझी सही, मग तुझी.”

पुढचा सगळा रस्ता त्या नवं प्रकरण बोलून फोनमध्ये रेकॉर्ड करत चालल्या. पाय थकलेत हे दोघींच्याही ध्यानात न्हाई. एक वाक्य त्या म्हणायच्या, मी म्हणायची, “चूक. भावसिंग असा न्हाई बोलत,” की परत नव्यानं. माझा जप कुठंतरी वाटेतच राहिला. म्हणलं, महादेवा, आजच्या दिवस सांभाळून घे.

देवळाच्या रांगेत उभं राहूनच त्यांनी छापखान्याला फोन लावला. “बुधवारी नाही जमणार. चौदा तारखेनंतर.” तिकडून कुणीतरी चिडलेलं ऐकू आलं. बाईंनी फोन बंद केला.

“चौदाला काय?” मी विचारलं.

“पंधरा ऑगस्टला ग्रामसभा. त्याच्या आदल्या दिवशी, चौदाला, नियमानं तुमची महिला सभा. मग शेवट काय लिहायचा, ते मला आत्ता कसं कळेल?”

नागनाथाचं लिंग खाली, भुयारात. एकेकानं वाकून, अंग चोरून उतरावं लागतं. आमचा नंबर आला तशी बाईंनी माझा हात धरला. मागची माणसं ढकलून राहिली होती, “चला ओ ताई, चला.”

“द्वारके, एक मागते,” त्या म्हणाल्या. “लोकशाहीवर जन्मभर बोलले, पण खरोखर भरलेली बायकांची सभा मी एकदाही डोळ्यानं बघितली नाही. चौदाला भरव. दहा बायका आल्या तरी चालेल, भांडल्या तर फारच चांगलं. मला पाहुणी म्हणून पुढं बसवू नको, हार-नारळ नको, भाषण तर नकोच. मागं भिंतीला टेकून बसू दे फक्त. भरवशील?”