रायफलीचा साज

१ ऑक्टोबर, खंडेनवमी. सकाळचं काम एकच होतं: रायफल साफ करून पूजेला काढून द्यायची. बाकीची हत्यारं आदल्या दिवशीच धुऊन झाली होती. विळे, कोयते, खुरपी, फवारणीचा पंप ओसरीवर मांडलेला, आणि अंगणात ट्रॅक्टर, झेंडूच्या माळेसकट. रायफलीचं मी स्वतः करणार होते. कुंकू लावायचं तर ते मागच्या लाकडी दस्त्याला, पुढं कुठंही नाही, हे मी घरात दोनदा बजावून ठेवलं होतं. नळीत कुंकू गेलं की ते काढता काढता जीव जातो.

मी मूळची दौंडची. वडील रेल्वेत होते. कॉलेजात एनसीसी घेतली होती, तिथं पॉइंट टू टू रायफल हातात मिळायची. पालथं पडायचं, श्वास अर्धा सोडायचा, धरायचा आणि बोट हळू दाबायचं. मला ते जमायचं. मग लग्न होऊन मांडवगण फराट्याजवळच्या वस्तीवर आले आणि नेम धरायचं काम उरलं ते रोपांच्या ट्रेमध्ये एकेका खणात एकेक बी सोडण्यापुरतं. भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी मी उभी केली, मीच चालवते. मुलगा नोकरीला बाहेर गेला आणि माझ्या हाताला थोडी उसंत मिळाली, तेव्हा दौंडला फौजेतून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांनी फायरिंग रेंज सुरू केल्याचं कळलं. रोपं पोचवायला मी तिकडं जातच होते. एक दिवस टेम्पो बाहेर लावून आत गेले. तिथं सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी माझं वय विचारलं नाही, चष्म्याचा नंबर विचारला.

पुढं परवान्याचा अर्ज केला. चौकशीला पोलीस घरी आले तेव्हा आमच्या ह्यांनी चहा पुढं करत सांगितलं, "बिबट्याचा लय तरास हाय साहेब, म्हणून घ्यायचीय." अर्ज खेळाडू म्हणून केलेला. तिथंच तो फेटाळला गेला असता. मी मध्ये पडून रेंजचं प्रमाणपत्र दाखवलं. साहेब हसले, म्हणाले, "बाई, तुमचं दोघांचं आधी ठरवा." माझं ठरलेलं होतं. ह्यांचं काय ठरलंय ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं आता कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. रायफल माझी होती.

येत्या रविवारी दौंडला प्रौढ गटाची निवड चाचणी होती. रेंजची जी रायफल आम्ही चौघं-पाचजण वापरायचो तिचा दस्ता उंच माणसाच्या मापाचा, माझी मान तिच्यावर नीट टेकत नाही. आपल्या मापाची रायफल घेऊन मी पहिल्यांदा उतरणार होते. या वयात पुढची चाचणी कधी, मान आणि डोळे तोवर साथ देतील का, याचा हिशेब मी करत नव्हते. ही चाचणी मला द्यायची होती, एवढंच.

रायफलीबरोबर काय घ्यायचं यावर दुकानदारानं माझं डोकं खाल्लं. काचेच्या कपाटातून एकेक काढून मांडत होता. मी कुठलंही सामान घेताना एकच बघते, हे नसलं तर काय अडेल. पंपाला नोझल चांगलं लागतं, टाकीचा रंग कुठलाही चालतो. त्या हिशेबानं कुलपाची कडक पेटी घेतली, कारण टेम्पोत रायफल हादरे खाणार. दंडाला आवळायचा पट्टा घेतला. तो नीट बसला की रायफलीचं वजन हाडावर येतं, स्नायूवर राहत नाही, आणि हात थरथरत नाही. डाव्या हाताचा जाड हातमोजा घेतला, पट्टा मनगटाला काचतो म्हणून. साफसफाईला, नळीत फिरवायची प्लास्टिकच्या वेष्टनाची सळई आणि पितळी ब्रश. फलालीनच्या चिंध्या मी घरीच कापल्या, मुलाची जुनी झबली होती त्यांच्या. अंथरायला ताडपत्री आणि वाकळ.

एकाच वस्तूला मी हात सैल सोडला. ती म्हणजे नेम धरायची मागची चकती. स्पर्धेत दुर्बीण चालत नाही, चकतीच्या बारीक छिद्रातून बघावं लागतं. चाळिशी लागलेल्या डोळ्याला कधी नळीच्या टोकावरचं नेमाचं कडं धूसर, कधी समोरचा कागद धूसर. छिद्र लहानमोठं करता येणारी चकती असली तर दोन्ही बऱ्यापैकी दिसतं. ती घेतली, उस्तादांकडून बसवून घेतली आणि नेम जुळवायला दोन रविवार घालवले. स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका दिला, जागचा हलला तर कळावा म्हणून.

घरी रायफल पहिल्यांदा बघितली तेव्हा सगळ्यांचे चेहरे पडले. धाकटे दीर कोरेगाव भीमाजवळ एका कारखान्यात आहेत, सुट्टीला वस्तीवर येतात. ते चौफेर फिरून म्हणाले, "वहिनी, हिचा साज कुठाय?"

आमच्याकडं साज हा शब्द बैलापासून निघाला आणि ट्रॅक्टरवर येऊन बसला. नवा ट्रॅक्टर दारात आला की तो तसाच चालवत नाहीत. त्याला हूड, बंपर, एलईडी पट्ट्या, साउंड, आरशांना गोंडे, मागं नाव. हे सगळं बसवायला फॅब्रिकेशनवाल्याकडं दोन दिवस ट्रॅक्टर सोडायचा. नांगरट थांबली तरी चालेल, बिनसाजाचा ट्रॅक्टर रस्त्यानं न्यायचा नाही.

"साज हाच," मी पेटी दाखवली.

"पट्टा आन् मोजा? हा काय साज हाय व्हय? बॅटरी पायजे वर. दुर्बीण. खाली दोन पायाचा स्टँड. गोळ्यांचा पट्टा असा छातीवर. मी मोबाइलवर दावतो थांबा."

"लग्नातल्या नवरदेवाला घाला तो पट्टा."

हे मात्र हसले नाहीत. श्रावणात गोठ्यामागून बिबट्यानं शेळी उचलली होती आणि पाण्याची पाळी रात्रीची असली की उसात ह्यांनाच जावं लागतं. ती भीती खोटी नव्हती आणि मी तिला कधी खोटी म्हटली नाही.

"बॅटरी बसवली तर काय बिघाडतंय?" हे म्हणाले.

"हिची गोळी हरभऱ्याएवढी. बिबट्या मरत नाही हिनं, चिडतो. वर मारला तर तुरुंग. आणि परवाना माझ्या नावावर आहे, तुम्ही हात लावला तरी गुन्हा."

"मग घेतली कशाला? कागदाला भोकं पाडायला?"

"हो."

"एवढी रायफल आन् कागदाला भोकं!" ह्यांनी आतल्या खोलीकडं बघून आवाज चढवला. "ऐकलं का गं आई?"

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्या आतून म्हणाल्या, "कागुद काय आपल्या घरला येऊन शेरडं न्हेतो काय?" सगळे हसले, मीही हसले. विषय तिथं संपला असं मी धरून चालले.

तर खंडेनवमीच्या सकाळी कपाट उघडलं आणि पेटी नव्हती.

हे अंगणात ट्रॅक्टरला हळदीची बोटं ओढत होते. "पेटी कुठाय?" मी विचारलं.

"येतीय की. दादा घेऊन येतोय." दादा म्हणजे ते धाकटे दीर, घरात सगळे त्यांना दादाच म्हणतात.

"कुठून?"

"काल न्हेली व्हती त्यानं. तुला आज पूजेला दाखवायची म्हणून बोललो न्हाई."

"कपाटाची चावी कुणी दिली?"

"मी दिली. त्यात काय? घरातलीच वस्तू हाय." आणि पुन्हा हळदीत बोट बुडवलं.

घरातली वस्तू. मिक्सर घरातली वस्तू आहे, शिडी घरातली वस्तू आहे. मी ओसरीच्या पायरीवर बसले आणि दीर येईपर्यंत उठले नाही.

ते मोटारसायकलवर आले. पेटी नव्हतीच, ती कारखान्याजवळच्या खोलीवर राहिली होती, कारण आता रायफल तिच्यात बसत नव्हती. गोधडीत गुंडाळून आणली होती. गोधडी सोडली तेव्हा वस्तीवरची आजूबाजूची माणसं जमलीच होती. वर हातभर दुर्बीण, दुर्बिणीच्या कुशीत बॅटरी, खाली दोन पाय. जोडायच्या लोखंडी पट्ट्यांना ट्रॅक्टरच्या हूडला देतात तोच लाल रंग दिलेला. माझी चकती जागेवर नव्हती.

"आता दिसती रायफल!" हे म्हणाले. खरंच खूश होते.

शेजारचे आप्पा म्हणाले, "आता बाई वाघ मारत्यात."

"वाघ कशाला आप्पा, आधी मालकाला शिस्त लावत्यात," कुणीतरी मागून म्हणालं, आणि हशा झाला. जाऊबाईंनी माळ घातली. आत्याबाईंनी दस्त्याला, दुर्बिणीला, बॅटरीला आणि दोन्ही पायांना कुंकू लावलं. दिरांनी ती खांद्याला लावून फोटो काढून घेतला आणि तिथंच स्टेटसला टाकला. मग ह्यांनी. मला बोलावलं तेव्हा मी म्हटलं, नंतर. नारळ फुटला, पेढे वाटले. मी पेढा खाल्ला. चारचौघांत तमाशा करायचा नाही हे काही मला कुणी शिकवलेलं नाही, मला स्वतःलाच तो आवडत नाही.

माणसं पांगल्यावर ओसरीवर पोतं अंथरून मी पाना घेतला आणि साज उतरवायला बसले.

"वहिनी, अहो आत्ताच तर बसवलाय!"

"भाऊजी, चकती कुठाय?"

"ती व्हय. दुर्बिणीच्या मधी येत व्हती. असंल खोलीवर. न्हाईतर तिथंच फॅब्रिकेशनवाल्याच्या दुकानात ऱ्हायली."

बॅटरीची पट्टी निघाली. दुर्बिणीची पट्टी निघाली. तिच्याखाली पोलादात चार भोकं होती, आटे पाडलेली, सफाईदार. काम वाईट नव्हतं. मी मागचा सरकता बोल्ट काढला, आत एखादी गोळी राहिली नाही ना ते बघितलं, आणि मागून बॅटरीचा उजेड टाकला. नळीच्या मागच्या टोकाशी, जिथं काडतूस बसतं त्या जागेवर, उजेडाचा एक बारीक ठिपका बाहेर पडला. चारातलं पुढचं भोक आरपार गेलं होतं.

उस्तादांना फोन लावला. ते जेवत असावेत. मी जागा सांगितली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आरपार?" मी हो म्हटलं.

"मग ताई, तिच्यातून आता राउंड सोडायचा नाही. तोंडावर येईल. नळी गेली."

"दुरुस्ती?"

"नळी बदलावी लागते. कंपनीतून. परवान्यावर नोंद, परवानगी, सगळं." मग म्हणाले, "रविवारी रेंजची रायफल घ्या."

"तिच्यावर माझी मान बसत नाही."

"माहितीय," ते म्हणाले.

दीर जवळच उकिडवे बसून ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "भोकच हाय न्हवं? त्याला काय. वेल्डिंगनं भरून घिऊ."

मी त्यांच्याकडं बघितलं. थट्टा नव्हती ती. नांगराचा फाळ वेल्डिंगनं भरतात, पाइप भरतात, ट्रॉलीचा साटा भरतात. भोक पडलं की भरायचं असतं एवढंच त्यांना ठाऊक होतं, आणि ते मदतच करू बघत होते. याचाच मला जास्त संताप आला. वाईट हेतू असता तर भांडायला सोपं गेलं असतं.

"भाऊजी, गोळी सुटली असती आज खांद्याला लावून फोटो काढताना, तर तुमचा डोळा गेला असता."

"गोळी व्हती कुठं आत?"

"आणि उसात गेल्यावर?"

दारात उभे राहून ऐकणारे हे बोलले. "झालं ते झालं. आता त्याचा बाऊ करू नगं. रायफल कपाटात ठेव, पोलिसांनी कवा बघितली तर सांग, मीच पाडून घेतली भोकं म्हणून. नवशिकी हाय, चुकलं म्हण. दादाची नोकरी हाय कारखान्यात, त्याच्यावर केस झाली तर काढून टाकत्याल."

"मी नवशिकी?"

"अगं म्हणायचं असतं. घरच्यासाठी एवढं बोलायला काय जातं?"

परवाना जातो. खोटं सांगून माझ्या हातानं बिघडवली म्हटलं, की पुन्हा माझ्या नावावर काडतूसही मिळणार नाही. मी तसं सांगितलं. ह्यांनी उत्तर दिलं, "न्हाई मिळालं तर न्हाई. कागदाला भोकंच पाडायची हायेत न्हवं?" आणि वैरण टाकायला निघून गेले. हे माझ्यावर चिडलेले नव्हते. त्यांच्या लेखी हा साधा हिशेब होता आणि त्यात माझ्या बाजूला लिहायला काही नव्हतं.

संध्याकाळी जाऊबाई नर्सरीत येऊन बसल्या. ट्रे भरू लागल्या. दोन ट्रे झाल्यावर म्हणाल्या, "अक्का, आमच्या पोरांकडं बघून तरी." मी म्हटलं, कोकोपीट जास्त भरताय, थोडं कमी दाबा. त्यांनी कमी दाबलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी गुरांचं आटोपलं, दाराला तोरण बांधलं, आणि रायफल त्याच गोधडीत गुंडाळून टेम्पोच्या केबिनमध्ये ठेवली. दुर्बीण, बॅटरी, स्टँड एका पिशवीत शेजारी. हे दारात उभे होते. "दौंडला का?" म्हणाले. मी म्हटलं, शिरूरला. आणि टेम्पो सुरू केला.

पोलीस ठाण्यात शस्त्रपूजनाची तयारी चालली होती. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर बंदुका ओळीनं, बाजूला झेंडूची टोपली. अंमलदारांनी आधी मला बसायला सांगितलं, मग माझी गोधडी उघडली, पिशवी उघडली, परवाना बघितला. त्यांनी रायफल उजेडाला धरली आणि ते भोक त्यांनाही दिसलं.

"हे कुणी केलं?"

मी दिरांचं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. मग चावी कुणी दिली तेही सांगितलं.