बंद पडली असतानाच फोन करा

शेलार गेल्याचं मला सोसायटीच्या ग्रुपवर कळलं. वर पाण्याच्या टँकरची चौकशी, खाली लिफ्टची तक्रार आणि मधे त्या दोन ओळी. बावीस वर्षांचा शेजार, पण त्यांच्या घरून फोन आला नाही. येण्याचं कारणही नव्हतं. सात महिने आम्ही धड बोललो नव्हतो, आणि तो दोष माझा. आता महिना उलटून गेलाय. जरा शांतपणे लिहिता येईल असं वाटलं होतं... तसं काही झालेलं नाही. नुसता थकवा आलाय.

दिगंबर शेलार कर्वेनगरात आमच्या शेजारच्या इमारतीत राहायचे. चिंचवडच्या एका कारखान्यात इंजिनं तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली आणि निवृत्तीनंतर आमच्या गल्लीतल्या गाड्या त्यांच्या वाट्याला आल्या. ते स्वतः दुरुस्ती क्वचितच करत, बिघाड कुठे आहे ते सांगत. बॉनेट सगळ्यात शेवटी उघडायचं. आधी पार्किंगमध्ये प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसायचे आणि उलटतपासणी सुरू. गाडी गरम असताना बंद पडली की थंड? धक्के देत की एकदम? चावी लावल्यावर मागच्या सीटखाली पेट्रोलच्या पंपाची घरघर येते का? मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेला माणूस, त्यामुळे ही पद्धत मला फार आवडायची. फक्त ती माझ्यावर चालली की राग यायचा.

माझी गाडी वीस वर्षांची. उन्हात, ट्रॅफिकमध्ये पाऊण तास चालली की एकदम बंद. मग स्टार्टर कितीही मारा, इंजिन नुसतं गरगर फिरायचं, सुरू व्हायचं नाही. वीस मिनिटांनी काही झालंच नाही अशी चालू! शेलारांसमोर उभी करेपर्यंत ठणठणीत. "प्राध्यापक, गाडी तुमच्यावरच गेलीये. बाहेर तमाशा, घरी गुपचूप," ते म्हणायचे. त्यांचा संशय एका अंगठ्याएवढ्या सेन्सरवर होता. इंजिन फिरतंय ही खबर तो देतो, आणि तापला की गप्प बसतो. त्याची जागाही त्यांनी मला वाकून दाखवली होती. पण बदलायला मात्र तयार नव्हते. "संशयावरून पार्ट बदलायचा नसतो. बंद पडली असतानाच फोन करा. कुठेही असा, मी स्कूटरवर येतो."

मी फोन केला नाही. भर उन्हात स्वारगेटच्या चौकात गाडी बंद पडली तेव्हा शेजारी बायको होती, मागे पीएमटीची बस हॉर्न देत होती. पंच्याहत्तरीच्या माणसाला या उन्हात कुठे बोलवायचं, असं मी बायकोला म्हणालो. खरं कारण वेगळं होतं. एवढ्या गर्दीत ते निवांत उभे राहून मला प्रश्न विचारतील, याची मला लाज वाटली. मी टोइंगवाला बोलावला आणि गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये पाठवली. तिथे बॅटरी बदलली, पंप बदलला आणि काचेवर त्यांचा स्टिकर चिकटवला.

तो स्टिकर शेलारांनी दुसऱ्याच दिवशी पाहिला. चष्मा कपाळावर चढवून सावकाश वाचला. "वा. मोठ्या दवाखान्यात दाखल केलंत. छान केलंत, सर," म्हणाले आणि वळून गेले. इतक्या वर्षांत ते मला पहिल्यांदा 'सर' म्हणाले. पंधरा दिवसांत गाडी पुन्हा बंद पडली, पण मी कुणाला बोललो नाही. कोणत्या तोंडाने फोन करणार होतो?

ते गेल्यावर तेराव्यानंतर शेलारवहिनींना लोणी काळभोरला बहिणीकडे जायचं होतं. मुलगा बंगळूरला परतला होता, म्हणून मी त्यांना घेऊन गेलो. परत येताना हडपसरच्या अलीकडे, टळटळीत दुपारी गाडी बंद. मी स्टार्टर मारत सुटलो.

"भाऊजी, थांबा हो. बॅटरी उतरवाल," मागून वहिनी म्हणाल्या. "नुसती चावी लावा... हं, सीटखाली घरघर आली. पंप ठीक आहे. आता मारा स्टार्टर. आरपीएमचा काटा हलतोय?"

इंजिन गरगर फिरत होतं, पण त्याच्या फेऱ्या दाखवणारा काटा शून्यावर ढिम्म होता.

"मग ओला फडका ठेवा त्या सेन्सरवर. पन्नास वर्षं जेवताना हेच ऐकलंय मी."

बाटलीतलं पाणी ओतून रुमाल भिजवला, बॉनेट उघडून त्या जागी दाबून धरला. पाच मिनिटांनी चावी फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. "सेन्सरच होता," मी म्हणालो. वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "त्यांना माहीत होतं."

घरी पोचल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि बाल्कनीतल्या कपाटातून एक छोटा खोका आणून हातात दिला. आत नवा कोरा सेन्सर. खोक्यावर मार्करने माझ्या गाडीचा नंबर, आणि खाली शेलारांच्या टापटीप अक्षरात, 'फोन आल्यावर बसवणे.'

"स्टिकर पाहिला ना, त्याच आठवड्यात आणला," वहिनी म्हणाल्या. "मी म्हणायची, जा, देऊन या. तर म्हणायचे, न तपासता कसा बसवू? प्राध्यापकांचा फोन येऊ दे. शेवटपर्यंत फोन वाजला की आधी विचारायचे... त्यांचा आहे का?"

एक फोन. तेवढाच करायचा होता, आणि तो मी केला नाही.

गेल्या आठवड्यात तो सेन्सर मी बसवून घेतला. वीस मिनिटांचं काम. त्यानंतर ऐन दुपारी गाडी घेऊन कात्रजच्या घाटात तीनदा जाऊन आलो. बायकोला सांगितलं, गाडी तपासायला जातोय. ट्रकच्या मागे, पहिल्या गिअरमध्ये, इंजिन तापवत तापवत. शेजारच्या सीटवर मोबाइल होता. शेलारांचा नंबर त्यात अजून आहे. प्रत्येक वळणावर वाटायचं, आता बंद पडेल. पडावी असंच वाटत होतं.

पडली नाही.