मागून हाक

भऱ्याच्या फाट्यावर धुळाजीचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार पत्रे, हवेचा पंप आणि दाराशी बाजेवर बसलेली त्याची बायको सुंदरा. पंक्चरपेक्षा त्याचं नाव झालंय ते मोटारीच्या मागे सायकलीचे रॅक बसवण्यात. नांद्याकडची साहेबमंडळी महागडा रॅक ऑनलाइन मागवतात, सोबतचा कागद तीनदा वाचतात आणि शेवटी धुळाजीकडेच येतात. धुळाजीला तो कागद वाचता येत नाही. पण ओझं बांधणं त्याच्या रक्तातच आहे. घरात मेंढरं होती तोवर दरसाल अख्खा संसार, कोंबड्या आणि नुकती जन्मलेली कोकरं धरून, तो घोड्यावर लादायचा. घोडं लबाड, पट्टा आवळताना पोट फुगवून उभं राहतं. म्हणून त्याचा बाप हैबतराव सांगायचा, "बांध, शंभर पावलं चालीव, आन मग परत आवळ." मेंढरं गेली, चराईच्या रानात प्लॉट पडले, तरी मोटारीला धुळाजी तोच नियम लावतो. कोपऱ्यावरच्या विजेच्या डीपीपर्यंत गाडी नेऊन आणायची आणि मग पट्टे पुन्हा आवळायचे.

बापाचा दुसराही एक नियम होता. निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही; अपशकुन होतो. पोरपणी एकदा मारली, तर बापाने काठीने पाठ फोडली होती. त्या काठीने पुढे किती नुकसान केलं, ते बापाला कळायचं राहूनच गेलं.

अकरा वर्षांपूर्वी सुंदरा भाच्याच्या फटफटीवर बसून माहेरी निघाली. तिच्या पदराचं टोक मागच्या चाकाशी लोंबताना धुळाजीने दारातून पाहिलं. त्याचा हात वर गेला, हाक ओठांपर्यंत आली आणि तिथेच अडली. निघालेल्या बाईला टोकायचं कसं? फटफटी वळणापर्यंतही पोचली नाही, तोच पदर चाकात गेला आणि ती खाली आपटली. सुंदराचा खुबा मोडला, तो नीट बसलाच नाही. तेव्हापासून ती काठी टेकत चालते. धुळाजीने तिचं सगळं केलं. तिची लुगडी धुतली, भाकऱ्या थापल्या, लोक हसले तरी तिला पाठुंगळी घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या चढला. पण आपण पदर पाहिला होता, हे मात्र तिला कधी सांगितलं नाही. त्याबाबतीत त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच.

गेल्या शनिवारी दुपारी चंद्रकांत आला. लातूरकडचा माणूस, आयटीत नोकरी, पंधरा वर्षांची जुनी सेडान. लेक जुईलीची रविवारी मुठ्याला सायकलची शर्यत होती, म्हणून आदल्या दिवशीच मुक्कामाला निघाले होते. रॅक पट्ट्यांचा होता. वरचे हूक डिकीच्या कडेला अडकवायचे, खालचे बंपरखाली. धुळाजीने डिकीवर बोटांनी वाजवून पाहिलं. उजवीकडे आवाज बद्द आला.

"सायेब, हितं पुट्टी भरलीया. कड सरळ न्हाई. हूक नीट धरायचा न्हाई."

"काका, काहीतरी करा ना. तिथे पाचच्या आत नावनोंदणी आहे."

धुळाजीने घोंगडीचा तुकडा दुमडून हुकाखाली घातला आणि पट्टा ओढून घट्ट केला. हूक बसला. सायकल चढली. "आता डीपीपातूर जाऊन या. लोकर दबती, पट्टा ढिला पडतुया. परत आवळाय लागल."

"बसलंय की घट्ट! उशीर झालाय, काका," असं म्हणत चंद्रकांतने गाडी काढलीसुद्धा.

गतिरोधकावर गाडी उडाली आणि उजवा पट्टा सैल पडून लोंबला. धुळाजीने ते स्वच्छ पाहिलं. हात वर गेला. तोंड उघडलं. आवाज फुटेना. पन्नाशी उलटलेला बाप्या, पण पाठीवर अजून ती काठी होती! तेवढ्यात गाडीच्या मागे एक मोटारसायकल लागली. तिच्यावर मागे एक बाई एका अंगाला बसली होती, मांडीवर लेकरू. सायकल सुटली असती तर थेट तिच्या अंगावर.

धुळाजीने दाराशी उभी असलेली आपली फटफटी काढली आणि सुटला. "थांबाऽऽ! ओ सायेब, थांबाऽऽ!" मोटारीच्या काचा बंद. तो गळा फाटेस्तोवर ओरडत होता, हॉर्न दाबत होता. उताराच्या तोंडाशी त्याने मोटारसायकल मागे टाकली, मोटारीच्या शेजारी गेला आणि काचेवर थाप मारली.

मोटार थांबली तेव्हा उजवा हूक सुटला होता आणि सायकल एकाच बाजूने लोंबकळत होती. चंद्रकांतने उतरून ती दोन्ही हातांनी धरली. मागची मोटारसायकल बाजूने निघून गेली. त्या बाईने वळूनही पाहिलं नाही.

"देवासारखे आलात, काका," चंद्रकांत म्हणाला.

धुळाजीला ते शब्द चाबकासारखे लागले. त्याने खाली मान घालून रॅक पुन्हा बांधला, गाडी शंभर पावलं चालवायला लावली, पट्टे आवळले आणि मगच जाऊ दिलं.

तो परतला तेव्हा सुंदरा बाजेवरून उठून काठी टेकत रस्त्यापर्यंत आली होती.

"तुमी मागनं हाक मारली? हितवर ऐकू आली."

धुळाजी तिच्यापुढे उकिडवा बसला. "सुंदरे, तुझ्या येळेला बी दिसलं व्हतं मला. पदर चाकापाशी व्हता. म्या हाक न्हाई मारली." तो लहान पोरासारखा रडू लागला.

सुंदराने काठी बाजूला ठेवली आणि त्याच्या खांद्याचा आधार घेत हळूहळू खाली बसली.

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "निघताना म्या वळून बघितलं व्हतं. तुमचा हात वर गेला, आन खाली आला. अकरा वरसं वाट बघितली, कवा सांगताय त्याची."