वाकलेल्या पिना आणि बुधवारचा वायदा

माझ्या सासऱ्यांना सगळी गल्ली 'बुधवारवाले' म्हणायची. चाळीस वर्षं त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, आणि गिऱ्हाईक सोमवारी येवो नाहीतर शनिवारी, उत्तर ठरलेलं : "बुधवारी या." पाच मिनिटांचं काम असलं तरी बुधवारीच. घाईघाईत केलेलं काम चार दिवसांत परत येतं, असं त्यांचं म्हणणं.

दोन वर्षांपूर्वी दुकान बंद झालं. घड्याळ बिघडलं की लोक नवीन घेतात, दुरुस्त करत बसतंय कोण? हत्यारांची पेटी पलंगाखाली गेली आणि बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. सकाळी पेपर वाचायचे, दुपारी तोच पेपर परत वाचायचे. मला भारी राग यायचा. माणसाने भांडावं, कुरकुर करावी, पण असं मुकाट बसू नये.

एका आठवड्यात मात्र माझ्याच नाकातोंडात पाणी जायची वेळ आली. मी इमारतींचे आराखडे काढते. मुलीच्या जन्मानंतर पाच वर्षं काम सुटलं होतं, आणि आता कुठे एका वाचनालयाच्या नव्या इमारतीची संधी चालून आली होती. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता समितीला फिल्म दाखवायची होती, न बांधलेल्या इमारतीत आतून हिंडवून आणणारी. माझ्याशिवाय आणखी तिघं रांगेत, तिघांचीही मोठी ऑफिसं. माझं ऑफिस म्हणजे स्वयंपाकघराला लागून एक टेबल आणि टेबलाखाली आठ वर्षांचा म्हातारा कॉम्प्युटर.

बुधवारी संध्याकाळी त्याला फिल्म बनवायला लावलं, तर मेला सांगतो, उरलेला वेळ बावन्न तास. बावन्न! मी टेबलावर डोकं टेकून रडले, खोटं कशाला बोलू.

गुरुवारी सकाळी कॉम्प्युटरवाल्याने शटर वर करायच्या आधी मी पायरीवर हजर. बाबांनाही ओढून नेलं होतं, तेवढंच त्यांचं चालणं होईल म्हणून. मशीनची सगळी माहिती त्याला दाखवली, आणि नवीन घ्यायची ऐपत नाही, हे मी आधीच सांगून टाकलं.

"ताई, तुमचा मदरबोर्ड चांगला आहे," तो म्हणाला. "नुसता प्रोसेसर, म्हणजे मशीनचा मेंदू, बदललात तरी चौपट पळेल. पण या बोर्डाला बसणारा आता दुकानात मिळत नाही. मागवला तर दहा दिवस."

"दहा दिवसांनी घेऊन त्याचं काय लोणचं घालू?"

तो हसला, आणि खणातून एक चौकोनी तुकडा काढून त्याने काउंटरवर ठेवला. "हा बसला असता. पण मेलाय बिचारा." बिस्किटाएवढा तो तुकडा, आणि खालच्या बाजूला तेराशेच्या वर बारीक पिना. कोणीतरी वरचा पंखा हिसकून ओढला, त्याला चिकटून प्रोसेसरही उपटून आला, आणि कोपऱ्यातल्या पंधरा-सोळा पिना वाकल्या. एक तर चक्क आडवी झोपली होती. "एक जरी तुटली तरी संपलं. मी हात लावणार नाही. असाच घेऊन जा, किल्ल्यांना अडकवायला की-चेन करा."

बाबा पुढे झाले. चष्मा कपाळावर सरकवून तुकडा डोळ्यांजवळ धरला. "घड्याळातली स्प्रिंग याहून बारीक असते."

"आजोबा, हे घड्याळ नाही."

"ते दिसतंय मला. सूनबाई, चल घरी."

बाबांना त्या आवाजात बोलताना मी दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. तुकडा रुमालात गुंडाळून घेतला आणि निघाले.

घरी आल्यावर मी पेनड्राइव्हवरून बोर्डात नवी प्रणाली भरून घेतली. ती नसती तर बोर्डाने नव्या प्रोसेसरला ओळखच दिली नसती. तोवर बाबांनी पलंगाखालची पेटी काढली, हात धुतले, टेबलावर पांढरं कापड अंथरलं आणि डोळ्याला भिंग लावलं. रोज सकाळी या माणसाच्या हातात चहाची कपबशी खडखडते. आता करंगळी टेबलाला टेकली, चिमटा पिनेला लागला आणि हात जागच्या जागी थांबला. एक पीन जराशी सरळ करायची, बघायचं, पुन्हा जराशी. आडव्या पिनेपाशी आले तेव्हा माझ्याच्याने राहवेना.

"बाबा, सांभाळून, तुटेल हं!"

"तू तिकडे जा बघू. तुझा श्वास लागतोय तिला."

मी स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंचं डोकं खाल्लं. दोन तासांनी हाक आली. प्रोसेसर जागेवर ठेवला, तर दाबावंही लागलं नाही, अलगद आत बसला. वर उष्णता ओढून घेणारी पेस्ट लावायची होती, ती बाबांनीच लावली. पंखा बसवला, बटण दाबलं, आणि पडदा उजळला! मी अशी किंचाळले की सासूबाई उलथनं घेऊन धावत आल्या. फिल्म लावली : अकरा तास!

सात मिनिटांनी मशीन बंद पडलं.

पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद. प्रोसेसर आत भट्टी पेटल्यासारखा तापत होता. मी कॉम्प्युटरवाल्याला, नशिबाला, स्वतःला, ज्याला सुचेल त्याला शिव्या घातल्या. बाबा शांतपणे म्हणाले, "पंखा काढू. ओढायचा नाही, हळूच पिळायचा." निघाला. खाली बघते तर काय, मधोमध पेस्टचा मोहरीएवढा ठिपका!

"बाबा, एवढंच लावलंत?"

"मग? घड्याळात यापेक्षा जास्त तेल घालणारा कारागीर नव्हे, हलवाई!"

"अहो, इथे वाटाण्याएवढं लागतं!"

"तसं आधी सांगायचंस ना! चाळीस वर्षं हात आखडून काम केलंय मी."

"ते मला विचारा," सासूबाई मागून म्हणाल्या.

या वेळी पेस्ट मी लावली. पाच वाजता फिल्म पुन्हा सुरू झाली. सात मिनिटं गेली, सतरा गेली, तास गेला, मशीन थंड. बाबांनी खिडकीजवळची खुर्ची उचलून पडद्यासमोर आणली आणि टक्के मोजत बसले. जेवायलाही तिथेच.

सकाळी सहाला मी उठले, तर फिल्म तयार आणि बाबा खुर्चीत घोरतायत.

अकरा वाजता समितीने फिल्म बघितली. अध्यक्षबाई म्हणाल्या, "जिना पुन्हा एकदा दाखवा." दुपारी फोन आला : काम मला मिळालं! आनंदाने मी मुलीला उचलून गरागरा फिरवलं. मग तडक कॉम्प्युटरवाल्याकडे गेले आणि त्याला आडव्या पिनेचं सगळं रामायण ऐकवलं. मिरवायचं असेल तर पोटभर मिरवावं.

सोमवारी दाराची बेल वाजली. कॉम्प्युटरवाला उभा, हातात पत्र्याचा डबा. आत कापसावर सात प्रोसेसर, सगळ्यांच्या पिना वाकड्या.

"घड्याळजी, हे मी मेलेले समजून कोपऱ्यात टाकून ठेवले होते. तुम्ही बघता का?"

गुरुवारचे आजोबा आज घड्याळजी झाले होते. बाबांनी भिंग लावलं. एकेक तुकडा उचलून, फिरवून, निवांत बघितला. सातही पाहून झाले. काम फार तर एका दिवसाचं, हे मलाही कळत होतं. त्यांनी भिंग काढलं, डबा बंद केला आणि स्वतःच्या बाजूला ओढून घेतला.

"बुधवारी या," बाबा म्हणाले.

सासूबाई तोंड फिरवून आत गेल्या. मी त्यांच्या मागोमाग गेले, आणि आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहून एकदमच हसलो आणि रडलो.