रामटेके सिस्टरांची मडगार्डवाली सायकल

"थुंकून राहिला का गा माह्या तोंडावर?"

रामटेके सिस्टर माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या ते हे. पावसाळ्यातला रविवार होता. आमचा सायकलवाल्यांचा गट कोराडी रोडने सावनेरकडे निघाला होता. पाऊस थांबला होता, पण कोळशाच्या ट्रकांनी रस्ता काळ्या चिखलाने माखून ठेवला होता. मागून, त्या दिवशी गटात नव्याने आलेली एक ठेंगणी, पन्नाशी ओलांडलेली बाई जोरात पुढे आली आणि तिने आपली सायकल माझ्यासमोर आडवी घातली. चष्म्याच्या काचा, गाल, अगदी दातांवरसुद्धा काळे ठिपके होते. ते माझ्या मागच्या चाकाने उडवलेले होते. मी सॉरी म्हणालो.

"सॉरी नको, मडगार्ड लाव. तुह्या चाकाचा चिखल तुले दिसत नाही, म्हणून तो नाहीच असं वाटते तुले."

सिस्टर सावनेरच्या बाजूच्या एका दवाखान्यात स्टाफ नर्स होत्या. नवरा वीज केंद्रात नोकरीला होता. तो गेल्यावर कॉलनीतलं घर सुटलं आणि त्या मुलीला घेऊन कोराडी रोडवरच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आल्या. इमारतीला लिफ्ट नव्हती. सायकल खाली ठेवली तर चोरीला जाते, म्हणून रोज खांद्यावर घेऊन जिना चढायच्या.

आमचा गट कसा होता तेही सांगायला हवं. सगळ्यांकडे हलक्या, महागड्या सायकली, अंगाला घट्ट बसणारे कपडे, आणि मडगार्ड सिस्टर सोडल्या तर कुणाच्याच सायकलीला नाही. मडगार्डने सायकलीची शोभा जाते, म्हणे. गटाचे प्रमुख एक बिल्डर होते. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. भाऊसाहेबांनी सिस्टरांचं नाव 'मडगार्डबाई' ठेवलं आणि त्यांना कायम रांगेच्या शेवटी चालायला लावलं. म्हणजे ज्या एकाच सायकलीला मडगार्ड होतं, तिच्या मालकिणीने सगळ्या गटाचा चिखल खायचा. सिस्टर दर रविवारी यावर भांडायच्या. "ज्याले मडगार्ड नाही त्यानं मागं राहावं. एवढी अक्कल तर बैलगाडीवाल्याले असते." लोक हसायचे. सावनेरला तर्री-पोहे खाताना त्यांची नक्कल व्हायची, त्या समोर बसलेल्या असताना. त्या नक्कल पूर्ण होऊ द्यायच्या आणि मग म्हणायच्या, "झालं? आता आपलं थोबाड धुऊन ये."

निवृत्तीनंतर त्यांनी कार्बनची सायकल घ्यायची ठरवलं. हौस म्हणून नाही. वर्षानुवर्षं रुग्णांना कुशीवर वळवून वळवून त्यांचा उजवा खांदा कामातून गेला होता. लोखंडी सायकल तिसऱ्या मजल्यावर चढवणं आता होत नव्हतं. "सायकल सोड, असं डॉक्टर म्हणाला. मी म्हटलं, वजन सोडतो, सायकल नाही." कार्बनची फ्रेम वजनाला निम्मी. पण तिला मडगार्ड पूर्ण हवं, चाकाला वरून खालपर्यंत झाकणारं. वरून अडकवायचं प्लास्टिकचं तुकडेवजा मडगार्ड त्यांना दाखवलं की त्या चिडायच्या. "अर्धं मडगार्ड म्हणजे अर्धी पट्टी. जखम तशीच."

मी त्यांच्याबरोबर दुकानं फिरलो. सीताबर्डी, धरमपेठ, मानेवाडा. दुकानदार रंग दाखवायचा, वजन सांगायचा. सिस्टर सायकल उलटी करायला लावायच्या. मागच्या आसाजवळ मडगार्डच्या काड्या कसायला भोकं आहेत का, वर दोन नळ्यांच्या मध्ये मडगार्ड धरायला जागा आहे का, पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या पाठीशी भोक आहे का, हे त्या बोट फिरवून बघायच्या. टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये करंगळी घालायच्या. करंगळी अडकली की पुढचं दुकान. बहुतेक ठिकाणी करंगळी अडकायचीच. त्या फ्रेमी शर्यतीसाठी बनवलेल्या. त्यात टायरच कसाबसा मावतो, मडगार्ड कुठून मावणार?

"मॅडम, कार्बनच्या सायकलीले मडगार्ड म्हणजे शेरवानीवर रेनकोट घातल्यासारखं दिसते," एक दुकानदार म्हणाला.

"पावसात नवरदेव भिजते ना? मग त्यानं घालावा रेनकोट."

एका दुकानात सगळं जुळलं. भोकं होती, फट होती. सिस्टर सायकलवर बसल्या, एक पेडल पुढे घेतलं आणि हँडल वळवलं. बुटाचं टोक मडगार्डला अडलं. फ्रेम लहान मापाची असली की पुढचं चाक पायाच्या फार जवळ येतं. दुकानदार म्हणाला, सवय होते. सिस्टर उतरल्या. "वळणावर बूट अडकला की मी थेट ट्रकखाली. सवय कोणाले होईल, ट्रकले?"

शेवटी धरमपेठेतल्या एकाने शब्द दिला. हवी तशी कार्बनची फ्रेम मागवतो, सगळी भोकं कंपनीची असतील, पायही अडणार नाही. सायकल आली, जोडून तयार झाली. काळी, देखणी, पुढेमागे पूर्ण मडगार्ड. सिस्टरांनी बसून बघितलं, हँडल वळवलं, पाय अडला नाही. मी पहिल्यांदाच त्यांना दुकानात खूश बघत होतो. मग सवयीने त्यांनी चिमट्याच्या पाठीशी, मडगार्डचा बोल्ट होता तिथे बोट फिरवलं, बोटाला काहीतरी खुपलं, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हा बोल्ट काढ."

"काहून मॅडम?"

"काढ म्हटलं ना."

बोल्ट निघाला. आतलं भोक वाकडं होतं आणि कडेला कार्बनचे तुटलेले धागे केसांसारखे बाहेर आले होते. कंपनीने पाठवलेल्या चिमट्याला तिथे भोक नव्हतं. या माणसाने ड्रिल लावून ते पाडलं होतं आणि बोल्टखाली झाकून टाकलं होतं. कार्बन म्हणजे राळेत बसवलेले धागेच. ते असे तोडले की चिमटा कधी मोडेल सांगता येत नाही. लोखंडासारखा तो आधी वाकून सूचना देत नाही, एकदम जातो.

"एवढंसं भोक आहे. कायी होत नाही," दुकानदार म्हणाला.

"कायी होत नाही?"

"कायीच नाही मॅडम. मी गॅरंटी देतो."

"मग चल. सदर भागातल्या उड्डाणपुलावर जाऊ. तू यावर बसून वरून खाली ये, ब्रेक न लावता. मी खाली उभी राहतो. मी नर्स आहे, तू घाबरू नको."

दुकानदार हसला. सिस्टर हसत नाहीत हे दिसल्यावर थांबला. "माझं वजन जास्त आहे ना मॅडम," तो म्हणाला.

"म्हणजे होते काहीतरी."

त्यांनी चिमटा सुटा करायला लावला, तो मांडीवर घेतला आणि दारातल्या स्टुलावर बसल्या. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या भोक दाखवायच्या आणि शांत आवाजात, औषधाचा डोस समजावून सांगावा तसं, काय झालंय ते सांगायच्या. त्यांचा राग मी पुष्कळ बघितला होता, पण न ओरडता आलेला हा राग मला नवा होता. दुपारी दुकानदाराने भाऊसाहेबांना बोलावून घेतलं. दोघांची जुनी मैत्री.

"सिस्टर, जाऊ द्या ना," भाऊसाहेब म्हणाले. "आपल्यातलाच माणूस आहे. कशाला एवढं ताणता?"

सिस्टरांनी चिमटा दुसऱ्या मांडीवर घेतला. "आपल्यातला म्हणजे कोणातला, भाऊसाहेब?"

 संध्याकाळी दुकानदाराने आमच्यासमोर कंपनीला फोन लावला आणि भोक असलेला नवा चिमटा मागवला. तेव्हा सिस्टर उठल्या.

परत जाताना रिक्षात त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात त्यांच्याकडे जुनी सायकल होती, मागचं मडगार्ड तुटलेलं. एक दिवस दवाखान्यात पोचल्या तेव्हा पांढऱ्या साडीवर पाठीच्या मध्यातून मानेपर्यंत काळा पट्टा उठला होता. वॉर्डात सगळ्या रुग्णांसमोर मोठे डॉक्टर त्यांच्या आडनावाची पट्टी बघत म्हणाले, "तुमच्याकडे हे चालत असेल, इथे चालणार नाही."

"त्या 'तुमच्याकडे'चा अर्थ मले समजला होता," सिस्टर म्हणाल्या. "वॉर्डातल्या सगळ्यांनाच समजला होता. कोणी वर नाही पाह्यलं. मी साडी बदलून आली आणि ड्युटी केली. तेव्हा बोलता नाही आलं. मंग आयुष्यभर बोलत आली."

नवा चिमटा आला, सायकल तयार झाली. सिस्टर ती दोन बोटांवर उचलून आम्हाला दाखवायच्या. त्याच आठवड्यात भाऊसाहेबांनी त्यांना व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढून टाकलं. 'गटाचं वातावरण बिघडू नये म्हणून' असं खाली लिहिलं. त्यावर नमस्काराचे हात आले, अंगठे आले. मी भाऊसाहेबांना फोन करून भांडलो. ते म्हणाले, "अरे, बाई चांगली आहे, पण किती तो त्रास." सिस्टरांना काही फरक पडला नाही. त्या रविवारी ठरलेल्या वेळी चौकात हजर होत्या. "ग्रुप तुमचा असन. सावनेरचा रस्ता नाही." त्या आमच्या पुढे निघून जायच्या, आणि त्यांच्या मागे चालणाऱ्याच्या अंगावर कधी एक थेंब उडाला नाही.

गेल्या हिवाळ्यात, सकाळी चहा टाकताना, त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

शोकसभा गटानेच ठेवली. फलकावर सिस्टरांचा फोटो होता आणि त्याच्याहून मोठ्या अक्षरात गटाचं नाव. भाऊसाहेब वीस मिनिटं बोलले. सिस्टर म्हणजे आमच्या गटाचा आत्मा, म्हणाले. फटकळ होत्या पण मनाच्या निर्मळ, म्हणाले. धरमपेठेतला दुकानदारही आला होता. सिस्टर आपल्या दुकानाच्या किती जुन्या गिऱ्हाईक होत्या, हे त्याने डोळे पुसत सांगितलं.  प्रत्येक जण त्यांच्या रागाची एखादी गंमत सांगत होता, आणि प्रत्येक गमतीला सभागृह मायेने हसत होतं.

मग त्यांची मुलगी सुजाता उठली. तिने माइक हातात घेतला.

"आई रागीट होती, असं सगळेच बोलले," ती म्हणाली. "मला हे माहीतच नव्हतं. घरी ती कधी ओरडली नाही. माझ्यावर नाही, बाबांवर नाही. रविवारी तुमच्याकडून परत आली की भिंतीकडे तोंड करून झोपायची. मी विचारायची, आई, काय झालं? म्हणायची, काही नाही वं, बोलून बोलून थकली. तिथं एवढे जण होते. तुमच्यातल्या एकानं जरी तिच्यासोबत तोंड उघडलं असतं, तर तिला एकटीला एवढं बोलावं लागलं नसतं."

 भाऊसाहेब खुर्चीतून अर्धवट उठले आणि हळूच माइककडे हात पुढे केला.

सुजाताने माइक छातीशी धरला. "बसा," ती म्हणाली. "माझं संपलं नाही."