हवाबाईचा खिळ्यांचा डबा

गाव दोन चढांच्या मध्ये, खळग्यात बसलेलं. तीच त्याची खरी रड होती. एका चढावरून उतरणारी गाडी समोरचा दुसरा चढ बघून आधीच जोर धरायची आणि गावातून अशी सुसाट निघायची की दुकानांच्या पाट्या वाचायलाही कुणाला सवड मिळू नये. मधून ओढा, ओढ्यावर पूल, पुलाच्या अलीकडे बाजार आणि पलीकडे शेतं. कांदा उत्तम पिकायचा, शेंगा भरपूर यायच्या, कुंभार मडकीही झकास घडवायचा. पण घेणार कोण? चहावाला न्हाव्याकडे दाढी करायचा, न्हावी चहावाल्याकडे चहा प्यायचा, आणि आपला धंदा तेजीत आहे असं दोघांनाही वाटायचं.

त्यात गावाला एक खोड होती. मोडेन पण मागणार नाही! शेजाऱ्याची शिडी हवी असली तर माणूस सकाळपासून शिडीभोवती घुटमळायचा, तिचं तोंडभरून कौतुक करायचा, पण "जरा दे रे" म्हणायला त्याची जीभ उचलायची नाही. शेवटी शेजारीच कंटाळून शिडी त्याच्या दारात टाकून यायचा.

पुलाच्या तोंडाशी, पत्र्याच्या शेडमध्ये पंक्चरचं दुकान होतं. ते चालवायची हवाबाई. नवरा होता तोवर ती नुसता पंप मारायची. तो गेला तेव्हा लोक म्हणाले, आता शेड विकून टाक. तिनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी जॅक लावून ट्रॅक्टरचं चाक उतरवलं. दंडात बळ होतं, तोंडात त्याहून जास्त होतं. टायरमधून काढलेला प्रत्येक खिळा ती एका बिनझाकणाच्या डब्यात टाकायची आणि विसरून जायची.

शेडच्या मागच्या खोलीत तिची सासू असायची. म्हातारी एके काळी डोक्यावर टोपली घेऊन अख्खा बाजार पालथा घालायची, पण पडून खुबा मोडल्यापासून काठी आली. हवाबाईची तिच्यावर माया होती आणि मायेपोटीच ती दिवसभर एक वाक्य म्हणायची, "आई, तुम्ही बसा." भांड्याला हात लावला की "तुम्ही बसा". पाना उचलून दिला की "तुम्ही बसा". म्हातारीनं एकदा ट्यूब चिकटवायचं सोल्यूशन मलम समजून गुडघ्याला चोळलं आणि लुगडं गुडघ्यावरच चिकटून बसलं, तेव्हापासून तर हा हुकूमच झाला. म्हातारीला एकच मोकळीक उरली, रोज सकाळी दुकानापुढचा रस्ता झाडायची.

त्या वर्षी सकाळची बस पंक्चर व्हायला लागली.

बस गावात थांबायची न थांबायची; उतरणाऱ्यानं उडी मारायची तयारी ठेवूनच दारात उभं राहायचं. पण आता ती पुलापाशी क्षणभर टेकायची, पुढं सरकायची आणि फुस्स! स्टेपनीला आधीच टक्कल पडलेलं. मग अख्खी बस खाली उतरायची. करायचं काय? कुणी चहा प्यायचं, कुणी वेळ जात नाही म्हणून दाढी करून घ्यायचं, कुणाला कांदे दिसायचे, कुणाला मडकं आवडायचं. बघता बघता गावाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. चहावाल्याच्या कानाला तर इतकी सवय झाली की फुस्स ऐकू येताच तो दुधाचं पातेलं चुलीवर ठेवायचा. सगळ्यांना वाटायचं, हे हवाबाईचंच काम. कुणी तोंडानं बोलत नव्हतं. दुभत्या गाईच्या लाथा गोड!

पण एके दिवशी ड्रायव्हरनं हवाबाईला सांगितलं, "काकू, डेपोत बोंब झालीय. आणखी एकदा इथं पंक्चर झालं, तर बस बाहेरच्या रस्त्यानं जाणार. गावात यायचीच नाही."

झालं! कालपर्यंत गालातल्या गालात हसणारं गाव एकदम साळसूद झालं. बाजाराचे अध्यक्ष, ज्यांनी या काळात दुकानावर नवे पत्रे घातले होते, ते चारचौघांना घेऊन शेडमध्ये आले.

"आम्ही काही म्हणत नाही," अध्यक्ष म्हणाले. "पण बस गेली तर तुझंही दुकान गेलं म्हणून समज. जागा बाजाराची आहे."

"मी एक खिळा टाकला असेल तर हात झडो माझा!" हवाबाई कडाडली.

"आम्ही कुठं म्हणालो?" असं म्हणून मंडळी निघून गेली. चहावाला तेवढा मागं वळून कळवळून म्हणाला, "महिन्यातून एखादा चालला असता गं."

हवाबाई धुमसत डब्याशी बसली. सकाळीच बसच्या टायरमधून काढलेला खिळा वरच पडला होता. तिनं तो उचलला. अर्धं डोकं तुटलेलं, कमरेत जरासा बाक. हे ध्यान आपण आधी पाहिलंय! मागच्या पंक्चरला हाच निघाला होता, तेव्हा वाकडातिकडा होता. आता तो सरळ होऊन परत आला होता. तिनं डबा उपडा केला. इतक्या दिवसांचे खिळे, आणि डब्यात जेमतेम मूठभर. तेवढ्यात मागच्या खोलीतून आवाज आला. ठक. ठक. ठक.

म्हातारी उंबऱ्यावर बसून दगडानं खिळे सरळ करत होती, आणि कधी नव्हे ती गुणगुणत होती.

"आई! हे तुम्ही?"

"मग काय झालं?" म्हातारी जराही दचकली नाही. "बस थांबते तिथंच ठेवते. पळत्या गाडीखाली घालायला मी काय कुणाच्या जिवावर उठलेय?"

"पण का?"

"तू दिवसभर रस्त्याकडं डोळे लावून बसायचीस. मला बघवेना. आणि मी काय नुसतं खायचं आणि बसायचं? बसून बसून लाकूड झालं माझं."

हवाबाईच्या तोंडाशी आलेल्या शिव्या तिथंच अडकल्या. तिला म्हातारीचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा आला. तिनं खिळे गोळा केले, डब्यावर झाकण ठोकलं आणि डबा माळ्यावर टाकला. कुणाला सांगायचं नाही असं तिनं तेव्हाच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव पुलापाशी हजर. अध्यक्षांनी जातीनं रस्ता झाडून घेतला होता. न्हावी तर गुडघ्यावर बसून भेगा तपासत होता. बस आली, टेकली, चार पावलं सरकली.

फुस्स!

चहावाल्याचा हात सवयीनं पातेल्याकडे गेला आणि त्यानं तो लाजून मागे घेतला. अध्यक्षांनी हवाबाईकडे असं पाहिलं की शेडला कुलूप लागल्यातच जमा होतं. तिनं जॅक लावला, चाक उतरवलं, टायर चाचपला आणि पक्कड घालून ओढलं. गाव माना पुढे काढून बघत होतं. पकडीत बोटाएवढा काटा होता, वरच्या चढावरच्या काटेरी झुडपांचा.

गर्दीतून वाट काढत म्हातारी पुढं आली. तिनं काटा निरखून पाहिला आणि टाळी वाजवली.

"हा माझा नाही!"

सगळ्यांच्या माना काट्यावरून म्हातारीकडे वळल्या.

"मग बाकीचे कुणाचे होते, आजी?" ड्रायव्हरनं हळूच विचारलं.

"माझे," हवाबाई मध्ये पडली. "डब्याला झाकण मी लावलं नव्हतं. काय बोलायचं ते मला बोला."

बोलणार कोण? अध्यक्ष आपल्या नव्या पत्र्यांकडे बघत होते, न्हावी वस्तरा पुसत होता, कुंभाराला अचानक भट्टीची आठवण झाली. ड्रायव्हर टायरवर बसला आणि पोट धरून हसायला लागला.

"अहो, पण हा सगळा उपद्व्याप कशासाठी? या दोन चढांत इंजिन गार करायला मला कुठंतरी थांबावंच लागतं. मी हा चढ चढून वर माळावर थांबतो, तिथं चहासुद्धा मिळत नाही. इथं थांबशील का म्हणून एकदा तरी विचारायचं होतं."

गावानं एकमेकांकडे पाहिलं. विचारायचं? हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आजी, खिळा न घालताच थांबलो रोज, तर चालेल ना? डेपोत मी काटा दाखवतो."

चहावाल्यानं पातेलं चढवलंसुद्धा. गर्दी हसायला लागली, पण म्हातारी हसली नाही. ती काठीवर दोन्ही हात ठेवून विचार करत राहिली. मग बारीक आवाजात म्हणाली, "चालेल. पण मग मी काय करू?"

ट्यूबमध्ये हवा भरून हवाबाईनं ती पाण्याच्या घमेल्यात बुडवली. बुडबुडे सरसर वर येत होते, अगदी तिच्या नाकासमोर.

"आई, इकडं या," ती म्हणाली आणि आपलं स्टूल तिनं सासूकडे सरकवलं. "हवा कुठून जातेय ते सांगा. मला मेलं काही दिसत नाही हल्ली."