हातमोज्यांचा दुसरा जोड

वेरूळ-अजिंठा फिरायला आम्ही मोटरहोम भाड्यानं घेतली होती, म्हणजे आतच झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असलेली गाडी. चालक वैजापूरकडचे, पन्नाशीचे, कडक इस्त्रीच्या शर्टातले. नाव विचारायचं राहूनच गेलं. निघतानाच त्यांनी संडासाच्या टाकीत बादलीभर पाणी आणि औषध ओतलं. "कोरड्या टाकीला घाण चिकटून बसती," म्हणाले. मग रोज सकाळी वाकून टाकीचा व्हॉल्व्ह घट्ट बंद आहे ना, हे चाचपायचे.

तिसऱ्या दिवशी टाकी भरली. शहरात गाडीमालकाच्या आवारात, ड्रेनेजच्या चेंबरपाशी त्यांनी गाडी लावली, बाह्या दुमडल्या आणि हातमोज्यांचे दोन जोड काढले. एक स्वतः घातला, दुसरा माझ्यापुढं धरला.

"या कामाला कुणी मिळत नाही का?" मी विचारलं.

"मिळंल की," ते शांतपणे म्हणाले. "माझ्या आज्यानं जन्मभर लोकांचं उचललं. मी नाय उचलत. शिकवतो मात्र नीट."

हात तसाच पुढं होता. मी हातमोजे घातले. पाइप मी जोडला, व्हॉल्व्ह मी उघडला, पाणी ओतून टाकी मीच खंगाळली. ते शेजारी उभे राहून सांगत होते.

सोमवारी पुंडलिकनगरच्या आमच्या घरी झाडलोट करायला आणि संडास धुवायला येणाऱ्या मावशी आल्या. ब्रश माझ्या हातात बघून दारातच थांबल्या.

"माझं काय चुकलं का, भाऊ?"

"नाही मावशी. बाकीचं काम तुमचंच," मी म्हणालो. "हे माझं होतं."